नाळ कोणी कापली?

समीक्षा धुळ्याला निघाली होती ती खेळायला. पण जळगावातून गाडीत बसताना तिचा चेहरा असा होता, की हिलालने दार उघडता उघडता विचारलं, "ताई, कोर्टनी तारीख शे का आज?"

"गप बस आणि गाडी चालव."

हिलाल गप बसणाऱ्यातला नव्हता. मूळचा पिंपळनेरकडचा, जळगावात ठिबकच्या नळ्या विकणारा आणि समीक्षाच्या खेळातला नेहमीचा गडी, अंगाने पैलवान, मिशा अशा की गिऱ्हाईक भाव करताना आधी मिशांकडे बघायचं. मागच्या सीटवर मयुरी होती. ती असोद्याला गणिताची शिकवणी घेते आणि समीक्षाची कॉलेजपासूनची मैत्रीण आहे. तिने समीक्षाच्या मांडीवरची कापडी पिशवी ओढून स्वतःकडे घेतली. "दे इकडे. चुरगाळून टाकशील सगळं. तुझी बोटं बघ कशी चाललीत."

पिशवीत फासे होते, हाताने रंगवलेले पुठ्ठे होते आणि 'डोंगरवेस' या खेळाचे नियम होते. हा खेळ समीक्षाने स्वतः रचला होता. त्यात तिची सहा-सात वर्षं गेली होती. तो छापून पेटीत घालून दुकानात जाणार की याच पिशवीत पडून राहणार, हे आज दुपारपर्यंत ठरायचं होतं.

आधी हा खेळ काय ते सांगितलं पाहिजे, कारण बहुतेकांना वाटतं तो पत्त्यांसारखा किंवा सापशिडीसारखा असेल. तसा तो नाही. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्टीतलं जग सांगतो: असा डोंगर, असं गाव, असं संकट. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपलं माणूस काय करतं ते ज्याने त्याने तोंडाने सांगायचं, आणि ते जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा. यात कोणी जिंकत नाही आणि पैशाचा संबंध नाही. प्रत्येकाला सुरुवातीला एक वर्ग मिळतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. ज्याला जे येतं ते त्याने करायचं.

समीक्षा लॅब टेक्निशियनच्या शिक्षणासाठी पुण्याला होती, तेव्हा हॉस्टेलच्या पोरांकडे या खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी तिला पुजारी केलं. मुलगी आहे, जखमा बांधेल. वर्षभर तिने दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या. एकदा म्हणाली, मला या दरीत सापळा लावायचाय. खेळ चालवणारा पोरगा म्हणाला, "ते तुझ्या वर्गात बसत नाही."

असलं वाक्य समीक्षाने खेळाबाहेरही पुष्कळ ऐकलेलं होतं. फुकटच्या खेळात ते ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. जळगावला परत आली, एका पॅथॉलॉजीत लागली, लग्न झालं, मूल झालं, रोज सकाळी लोकांच्या दंडाला रबर बांधून शिरा शोधायला लागली, आणि उरलेल्या वेळात तिने आपला खेळ रचला. वर्गाला तिने शब्द घेतला 'कसब'. तिच्या खेळात राखणदार होता, भगत होता, वाटाड्या होता. आणि सुईण होती.

नियम पुष्कळ होते, पण तिच्या जिवाचे दोनच. पहिला असा, की कसब निवडायचं नाही, चिठ्ठी उचलायची. "जन्माला येताना कोणी विचारलं होतं का तुम्हाला?" असं ती कुरकुर करणाऱ्याला सुनवायची. दुसरा असा, की गोष्टीत जे ठरवलेलं नाही, ते जो आधी विचारेल त्याचं; तो सांगेल तेच खरं.

धुळ्याच्या चुडामण शेठचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, शाळांच्या वह्या. त्यांचा मुलगा भूपेंद्र पुण्याहून शिकून आला होता आणि पेटीतले खेळ छापायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. 'डोंगरवेस' त्याला आवडला. मात्र त्याचा निरोप आला तो असा: सुईण काढा, तिच्या जागी योद्धा घाला. लढाईच्या खेळात सुईण कोणाला नको. पप्पाही तेच म्हणतात, आणि पैसे पप्पांचे आहेत.

समीक्षाने फोन लावला आणि रागाच्या भरात बोलून बसली. "एक डाव समोर बसून बघा. सुईण त्यात असेल. डाव पडला, तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. पण सुईण काढून खेळ छापायचा असेल, तर तो माझा खेळ नाही."

जळगावातल्या छापखानेवाल्यांनी तिला आधीच वाटेला लावलं होतं. एकाने तर विचारलं होतं, ॲप का नाही बनवत. धुळ्याशिवाय दुसरं दार नव्हतं. आणि खरी गोम वेगळीच होती. सुईण खेळात चालत नाही, हे तिला स्वतःलाही माहीत होतं. मयुरीला दोनदा सुईणीची चिठ्ठी निघाली होती आणि दोन्हीदा ती जांभया देत बसली होती. "समे," ती म्हणाली होती, "तुझी सुईण म्हणजे लढाईत नेलेला पाळणा आहे."

मग काढून का टाकत नव्हती? तर लिलाबाईमुळे. लिलाबाई म्हणजे समीक्षाची आजी. यावल तालुक्यातल्या एका गावात, केळीच्या बागांमधल्या बौद्धवाड्यात राहायची आणि अख्ख्या गावाची सुईण होती. कळा सुरू झाल्या की मोठमोठ्या घरांतून माणूस पळत यायचा. तेव्हा तिला उंबऱ्याची आडकाठी नव्हती, चुलीची नव्हती, देवघराची नव्हती, ती थेट आत. पोर झालं, नाळ कापली, न्हाऊमाखू झालं, की पाचवीला तिचं ताट उंबऱ्याबाहेर वाढलेलं. समीक्षा लहान असताना लिलाबाई हे हसत सांगायची. "मले आत घ्यायचे ते पोर बाहेर येईस्तोवर. मंग पोर आत, मी बाहेर." वर म्हणायची, "पण ज्याची नाळ म्या कापली, त्यानं एकदा तरी माझं ऐकलं पाह्यजे, असं माझी माय सांगे." कोणी ऐकलं होतं का कधी? "कोणाले सांगायलाच नाही गेली मी," असं म्हणून ती पुन्हा हसायची.

समीक्षाने ते जसंच्या तसं नियमात घातलं होतं. सुईणीने ज्याची नाळ कापली, तो जन्मात एकदा तिचं एक वाक्य ऐकतो, सांगेल ते करतो. मारामारीच्या डावात त्याचा उपयोग कोणाला सापडला नव्हता.

पारोळ्याला चहा झाला. समीक्षाने घेतला नाही.

रविवारी छापखाना बंद होता. वरच्या मजल्यावर शाईचा वास आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे. मधोमध टेबल मांडून भूपेंद्र वाट बघत होता, दाढी कोरलेला, बोलायला गोड. चुडामण शेठ टेबलाशी बसलेच नाहीत. जरा लांब, जिन्याजवळ खुर्ची टाकून बसले. पांढरा सदरा, चपला काढून ठेवलेल्या, हातात फोन. फासे बघितल्यावर मात्र त्यांनी मान वर केली.

"हाऊ सट्टा ते नही ना?"

"नाही पप्पा, सांगितलं ना तुम्हाला."

"बरं. लवकर आटपा. माले साखरपुडाले जानं शे."

समीक्षाने चिठ्ठ्या टाकल्या. मयुरीला भगत आला. भूपेंद्रला राखणदार, म्हणजे ढाल, फरशी कुऱ्हाड, सगळा जामानिमा. त्याने ती चिठ्ठी शेठना लांबूनच दाखवली. हिलालने आपली उघडली आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"काय व्हयनं?" मयुरीने विचारलं. अहिराणी तिची नव्हे, पण हिलालला डिवचायला ती वापरायची.

"सुईण," हिलाल म्हणाला. "ताई, मिशा कापून येऊ का?"

शेठसुद्धा हसले. समीक्षा हसली नाही. मयुरीकडे सुईण आली असती तर निदान तिने सांभाळून घेतलं असतं, अशी तिची आशा होती. हिलालला आजवर राखणदाराशिवाय दुसरी चिठ्ठी निघालीच नव्हती. चिठ्ठी बदलून देणं तिच्या हातात होतं. शेठचं लक्ष फोनमध्ये होतं. पण चिठ्ठीचा नियम तिचाच होता.

"चिठ्ठी ती चिठ्ठी," ती म्हणाली आणि गोष्ट सुरू केली.

डोंगराच्या कुशीत वेशीचं गाव. वेशीबाहेर लोहाट नावाचा एक स्वार येऊन बसलाय. त्याच्या कातडीवर लोखंड चढलंय, कुठलं हत्यार त्याच्यात रुतत नाही. नदीची वाट त्याने अडवलीय. गावातलं पाणी संपत आलंय. रांजण खरवडतायत. तुम्ही तिघं या गावात अडकलात. काय करता?

समीक्षाने वाट आखून ठेवली होती. गावात एक म्हातारा कोष्टी होता, त्याला जुन्या भुयाराची माहिती होती. कोणीतरी गावात चौकशी करायची, म्हातारा सापडायचा, भुयार उघडायचं, नदी गाठायची. छान तीन तासांचा डाव.

पण चौकशी करतंय कोण! भूपेंद्र फरशी घेऊन थेट वेशीबाहेर. फासा टाकला, मोठा पडला. "लागली!"

"लागली. ठिणग्या उडाल्या. त्याला काही झालं नाही."

पुन्हा फासा, पुन्हा ठिणग्या. मयुरीने भगताचा मंत्र घातला. लोहाटचा घोडा बिथरला, स्वार हलला नाही. समीक्षा मधूनच म्हणे, "गावात एक म्हातारा ओट्यावर बसून सगळं बघतोय." कोणी त्याच्याकडे ढुंकून बघेना.

"हिलाल, तू?"

"मी पानी तपाडस," हिलाल म्हणाला. सुईण पाणी तापवते, दुसरं काय करणार!

पहिल्यांदा हशा झाला. पुढच्या खेपेला त्याने तेच सांगितलं, तेव्हा कमी झाला. तिसऱ्यांदा भूपेंद्रने कपाळाला हात लावला. "अहो, पाणी संपलंय गावातलं, तापवता काय?" डाव डोळ्यांसमोर पडत होता आणि पाडणारा समीक्षाचाच माणूस होता. टेबलाखालून तिने हिलालच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

लोहाटच्या भाल्याने राखणदार कोसळला. भूपेंद्रने फासे ढकलून दिले आणि मागे रेलला. आवाजात राग नव्हता, समजूत होती. ती जास्त वाईट. "बघा ताई. तिघांतला एक पडला, एकीचे मंत्र संपले आणि तिसरा पाणी तापवतोय. तिसरा योद्धा असता तर डाव उभा राहिला असता. खेळ चांगला आहे हो तुमचा. फक्त एवढी एक सुईण..."

शेठनी फोन खिशात घातला, उठले, एका पायात चप्पल सरकवली.

समीक्षाने कोष्ट्याला हाक मारायचं ठरवलं. आता तो म्हातारा स्वतःच उठून येईल आणि भुयाराचं सांगेल. म्हणजे भीक घातल्यासारखं होईल, पण डाव तरी वाचेल. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात हिलाल बोलला.

"ताई, हा लोहाट कुठून आला?"

"म्हणजे?"

"डोंगरातून फुटला का बाईच्या पोटी आला?"

समीक्षाने हे ठरवून ठेवलेलं होतं. "बाईच्या पोटी. लोखंड नंतर चढलं."

"कुठल्या गावचा?"

"इथलाच. याच मुलखातला."

हिलालने मिशीवरून बोट फिरवलं. "मग त्याची नाळ कोणी कापली?"

समीक्षाने पुठ्ठे चाळले नाहीत. चाळायची गरज नव्हती. लोहाटचा घोडा कुठल्या रंगाचा, हेसुद्धा तिने ठरवलं होतं. नाळेचं ठरवलेलं नव्हतं. लिलाबाईची नात ना ती, तरी ठरवलेलं नव्हतं.

"ठरवलेलं नाही," ती म्हणाली.

"मग मी कापली."

मग भूपेंद्र एकदम सरसावला. "असं कसं? असं नाही चालत! मग सुईण कुठल्याही डावात येणार आणि म्हणणार, याची नाळ मी कापली, त्याची मी कापली. राक्षस आणा, राजा आणा, सगळे हिचीच पोरं! खेळ संपला ना मग. याला खेळ नाही म्हणत, याला चलाखी म्हणतात."

तो चुकीचं बोलत नव्हता, पंचाईत तीच होती. समीक्षाने हो म्हटलं, तर कोणीही एका वाक्यात मोडावा असा फाटका नियम तिने केलाय, हे शेठसमोर सिद्ध होणार. नाही म्हटलं, तर जे ठरवलेलं नाही ते आधी विचारणाऱ्याचं, हा तिचा शब्द खोटा. आणि सुईण पुन्हा पाणी तापवत बसणार, ती कायमचीच. शेठ एक चप्पल घालून उभे.

वीस बाजूंचा फासा तिच्या हाताशी होता. तो टाकला, की सुटली असती. मोठा पडला तर हो, लहान पडला तर नाही, दोष फाशाचा. तिने तो उचललाही. तळहातात धरला. मग परत टेबलावर ठेवला.

"तू कापलीस ना?" ती हिलालला म्हणाली. "मग सांग ते बाळंतपण. इथल्या एकालाही ते खोटं वाटलं, तर नाही. आणि एका डावात एकदाच."

"आता सांगू?"

"आता."

हिलालची धाकटी मुलगी पोटात उलटी होती. तेव्हा ऑपरेशनच्या दाराबाहेर तो भिंतीला डोकं टेकून कसा उभा होता, ते मयुरीने पाहिलेलं होतं. त्याने टेबलावरचे हात उलटे केले, तळवे वर.

"भरदुपार होती," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण हळू. "उन्हाळा. बठ्ठे बाप्ये शेतात, घरात नुसत्या बाया. सासू म्हणाली, अजून वेळ शे. मी म्हटलं, वेळ नाही, सरका. बाई ओरडत नव्हती. ओरडणारीची भीती नसते, गप पडलेलीची असते. हात लावला तर डोकं नाही लागलं हाताला. पाय लागला. एवढुसा."

"पायाळू?" भूपेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

"पायाळू."

खानदेशात पायाळू म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जे पोर डोक्याऐवजी पायांनी जन्माला येतं ते पायाळू. पावसात त्याला उघड्यावर सोडत नाहीत, वीज ओढून घेतो म्हणतात. कोणाची पाठ भरली, की तो माणूस पायाळूच्या दारात जाऊन कमरेत त्याची लाथ खाऊन येतो. आणि विहीर खणायची असली, की पायाळूला अनवाणी शिवारात फिरवतात. जमिनीखालचं पाणी त्याला कळतं म्हणे. खरंखोटं राहू द्या. टेबलाशी बसलेल्या चौघांनीही हे आजोळी ऐकलेलं होतं.

"एक पाय बाहेर, दुसरा अडकलेला," हिलाल सांगत राहिला. "ओढलं तर मरतं. ओढायचं नाही. त्याच्या मनाने येऊ द्यायचं आणि आपले हात खाली धरून ठेवायचे, बस. हात भरून आले माझे. आलं तेव्हा निळं होतं. पाठीवर थापटलं, रडेना. पुन्हा थापटलं. मग रडलं असं, की ओसरीवरची कोंबडी उडाली. मग कापली नाळ."

समीक्षाने भूपेंद्रकडे बघितलं. "खोटं वाटलं?"

भूपेंद्र मान हलवणार होता, मग थांबला. "मीच विचारलं ना, पायाळू का म्हणून," तो पुटपुटला. "म्हणजे मानलंच की मी."

"मग धरलं," समीक्षा म्हणाली. "वेस उघडली. सुईण एकटी बाहेर आली. लोहाटने भाला उचलला, मग तिला ओळखलं." पुढचं तिने ठरवलेलं नव्हतं. ते लोहाटच्या आवाजात तिच्या तोंडून आलं आणि तो आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तो म्हणतो, तू? तू तर आमच्या दाराबाहेर उभी राहायचीस. पाचवीचं ताट तुला उंबऱ्याबाहेर वाढलं होतं. तुझं मी ऐकू?"

मयुरीने चटकन समीक्षाकडे पाहिलं. ती कॉलेजात असताना लिलाबाईकडे जाऊन आलेली होती. हिलालला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने समीक्षाचे डोळे बघितले आणि त्याच्या लक्षात आलं, की हे खेळातलं नाही. त्याने घाई केली नाही.

"हो," तो म्हणाला. "बाहेर उभी होते. जेवले पण बाहेरच. पण तू या जगात आत आलास, तो माझ्या हातांवरून. बाहेर उभी राहून सांगते, ऐक."

"तो ऐकतो," समीक्षा म्हणाली. "एकदाच. एक वाक्य."

आता भूपेंद्रलाच राहवेना. त्याचा राखणदार मरून पडला होता, तरी तो टेबलावर ओणवा झाला. "हत्यार टाक म्हणा! भाला टाक!"

"टाकेल आणि तू वळलास की उचलेल," मयुरी म्हणाली. "निघून जा म्हण."

"आणि उद्या परत आला तर?"

"मग मर म्हण."

हिलाल भडकला. "हातावर घेतलेल्या पोराला मर म्हणू? काही वाटतं का?"

एकच वाक्य होतं आणि ते वाया गेलं तर गाव तहानेने जाणार होतं. हिलालचे ओठ हलत होते. जिन्यापाशी शेठ अजून एका चपलेत उभे होते. दुसरी पायाने चाचपत होते आणि ती त्यांना सापडत नव्हती.

"तू पायाळू आहेस," हिलाल म्हणाला, "तर गावात ये आणि विहीर कुठे खणायची ते दाखव."

मयुरीने टेबलावर थाप मारली. भुयार, कोष्टी, नदी, समीक्षाची सगळी आखणी एका वाक्यात मागे पडली होती. गावाला नदी नकोच होती. गावाला पाणी हवं होतं.

"लोहाट घोड्यावरून उतरला," तिने सांगितलं. "जोडे काढले. वेशीतून आत आला, लोक भिंतींना चिकटले. तो अनवाणी चालत राहिला, एका पडीक अंगणात थांबला, टाच आपटली. लोकांनी खणलं. आधी मुरूम. मग ओल. मग पाणी. सुईणीने पहिला तांब्या भरला आणि..." ती थांबली. "हिलाल, कोणाला देतेस?"

"तापवते आधी," हिलाल म्हणाला.

भूपेंद्रसकट सगळे हसत सुटले. मयुरीच्या डोळ्यांना पाणी आलं. समीक्षा हसली नाही. तिचं लक्ष जिन्याकडे होतं.

चुडामण शेठ सावकाश टेबलापर्यंत आले, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. "मी पायाळू शे," ते म्हणाले.

"पप्पा? कधी सांगितलं नाही तुम्ही."

"काय सांगाचं! लहानपनी पाऊस ऊना की माय माले घरात कोंडून ठेवे. लोके कमरीत लाता खावाले येत." ते खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच टेबलाशी. उताणी पडलेली सुईणीची चिठ्ठी त्यांनी बोटाने सरळ केली. "मन्ही नाळ कोनी कापी, माले माहीत नही. गावमा एक म्हातारी व्हती म्हणे. कधी इचारंच नही मी."

"तुमचं गाव कुठलं?" मयुरीने विचारलं.

"साक्रीकडलं."

समीक्षाची आजी यावलची. साक्री कुठे, यावल कुठे. तो योग नव्हता आणि तिने तो ओढूनताणून आणला नाही. ती म्हणाली, "माझी आजी सुईण होती. पण तिकडची नाही."

शेठनी मान डोलावली. खिशात फोन वाजला, तो त्यांनी वाजू दिला. साखरपुडेवाले असणार.

"सुईण ऱ्हाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. आता ते छापखान्याच्या भाषेत आले होते. "छापू. पण आत्ता जो नियम केला तो आत घाला. बाळंतपण सांगायचं, सगळ्यांनी मानलं पाहिजे, एका डावात एकदा. नाहीतर हा पैलवान उद्या येईल आणि म्हणेल, छापखान्याची नाळ मीच कापली."

"आणि योद्धा?" भूपेंद्रने विचारलं.

"तू व्हता ना योद्धा. काय उजेड पाडा?"

समीक्षाने पिशवी जवळ ओढली आणि फासे आत टाकायला घेतले. एक खाली पडला, तो उचलायला वाकली आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ टेबलाखाली राहिली. वर आली तेव्हा भूपेंद्र पुठ्ठे मांडून बसला होता. पेटीत प्रत्येक कसबाचं चित्र जाणार होतं आणि चित्राखाली त्या माणसाचं नाव. राखणदाराचं होतं, भगताचं होतं. सुईणीची जागा मोकळी होती.

"काय लिहू?"

"हिलालबाई," मयुरी म्हणाली.

"लिलाबाई," समीक्षा म्हणाली. "ली नको, ऱ्हस्व. ती तसंच सांगायची."

भूपेंद्रने लिहून घेतलं. शेठना त्यांची दुसरी चप्पल गठ्ठ्यांमागे सापडली आणि ते कुरकुरत जिना उतरून गेले. हिलालने गाडीची किल्ली काढली. पण भूपेंद्र उठेना. चिठ्ठ्यांची वाटी त्याने स्वतःकडे ओढली होती आणि तो त्या पुन्हा मिसळत होता.

"अजून एक लहान डाव? तुम्हाला उशीर होत नसेल तर."

"उचल," समीक्षा म्हणाली आणि पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली.

त्याने उचलली, उघडली, वाचली आणि मुठीत दाबून धरली. कोरलेल्या दाढीखाली तो चांगलाच लाल झाला.

हिलालने किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची ओढून बसला. "भाऊ," तो म्हणाला, "पानी तपाड."